खाड्यांचा मुलूख: नगरराज्यांच्या उदयास्ताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘खाड्यांचा मुलूख’ हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आम्ही काही लिहिणाऱ्यांनी मिळून रचलेलं काल्पनिक जग आहे. त्यात कथा लिहिणारे, खेळ मांडणारे आणि नुसते वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दांडेपट्टण, उंबरघळ, तारकोट आणि पालशेवे ही चार नगरं फक्त आमच्या नकाशावर आहेत. आरणी खाडी आणि या नगरांची सालंही आमचीच. बाकी ज्या गावांची नावं आणि जी सालं येतील ती खरी आहेत.

हा मुलूख नेमका कसा आहे?

पूर्वेला उंच घाट, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीला कापत गेलेल्या खाड्या. दांडेपट्टण आरणी खाडीच्या मुखाशी आहे. त्याच खाडीत वर, जिथे भरतीचं पाणी संपतं आणि घाटाची वाट सुरू होते, तिथे उंबरघळ. तारकोट समुद्रातल्या खडकावर. पालशेवे बरंच दक्षिणेला. पहिली तीनशे वर्षं ते मासेमारीचं गाव असतं आणि शेवटच्या शतकात सगळ्यांच्या पुढे जातं. या नगरांची सालं दांडेपट्टणच्या पहिल्या दगडी धक्क्यापासून मोजतात. गोष्ट साधारण चारशे वर्षांची आहे. जादू, राक्षस, भविष्यवाणी यांतलं काही नाही. वारा, भरती, गाळ आणि माणसांचे व्यवहार एवढ्यावर सगळं चालतं, आणि ते पुरेसं आहे असं आम्हाला मनापासून वाटतं.

कोकणात खरोखर नगरराज्यं होती का?

इटलीतली व्हेनिस किंवा जिनोआ ज्या अर्थाने होती त्या अर्थाने नाही. ठाणं, सोपारा, चौल ही बंदरं शिलाहारांच्या अमलाखाली होती. पुढे चौल निजामशाहीकडे, दाभोळ आदिलशाहीकडे. पण राजा लांब आणि बंदराचा रोजचा कारभार व्यापाऱ्यांच्या नाहीतर दर्यावर्दींच्या हाती, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा राष्ट्रकूट ताम्रपट बघा. संजाण आणि भोवतालचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. हा मधुमती म्हणजे मुहम्मद, अरब वंशाचा. त्याने लोकांसाठी फुकट होडी चालवली, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच कारकिर्दीत देवीच्या मठिकेला जमीन मिळाली. मालकी राष्ट्रकूटांची, पण गावाला कळत होतं की आपला माणूस कोण.

खारेपाटणला सापडलेल्या १०९५ च्या शिलाहार ताम्रपटात दोन श्रेष्ठी भावांच्या जहाजांना ठाणं, सोपारा, चौल वगैरे बंदरांत जकात माफ केलेली आहे. हे भाऊ व्यापारीही होते आणि दरबारी वजनाचेही. व्यापारी आणि राज्यकर्ता यांच्यातली ही पुसट रेघ आम्ही उचलली आणि दांडेपट्टणात ती पुसूनच टाकली.

खऱ्या इतिहासात नगरराज्याच्या सगळ्यात जवळ जातं ते सिद्दींचं जंजिरा. एक बेटावरचा किल्ला, एक आरमार, किनाऱ्यावर थोडासा मुलूख, आणि एवढ्या बळावर १९४८ पर्यंत टिकून राहिलेलं संस्थान.

मग सरळ इतिहासच का लिहीत नाही?

चौलच्या एखाद्या तांडेलाच्या, म्हणजे जहाजावरच्या म्होरक्याच्या, तोंडी वाक्य घालायचं तर पुरावा लागतो, आणि तांडेलांनी कागद मागे ठेवले नाहीत. शिवाय खऱ्या गावावर लिहिलं की वाचक त्यात आपल्या घराण्याचा, आपल्या किल्ल्याचा मान शोधू लागतो. काल्पनिक नगरात तो आधी खाडीकडे बघतो. आम्हाला तेच हवं आहे.

नगर कुठे उभं राहायचं हे कसं ठरवता?

कोकणातली मोठी खाडी घ्या, तिच्यावर बहुधा गावांची जोडी सापडते. सावित्रीवर बाणकोट आणि महाड. वाशिष्ठीवर दाभोळ आणि चिपळूणचं गोवळकोट. शास्त्रीवर जयगड आणि संगमेश्वर. तसेच जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण. खालचं गाव मुखाशी असतं. तिथे पाणी खोल, मोठी जहाजं तिथेच नांगर टाकतात. वरच्या गावी पडाव आणि मचवे या लहान होड्या भरतीबरोबर चढतात, आणि माल बैलांच्या पाठीवर घाटाला लागतो: चिपळूणहून कुंभार्लीने, राजापूरहून अणुस्कुऱ्याने.

खालच्या गावाकडे समुद्र आहे, वरच्याकडे वाट. एकमेकांवाचून दोघांचंही अडतं. तरी दोघांची खात्री असते की खरी कमाई आपली आणि दुसरा नुसता मधे बसून जकात खातो. दांडेपट्टण आणि उंबरघळ यांचं चारशे वर्षांचं भांडण एवढंच आहे. एका मालावर दोनदा जकात घ्यायची नाही असा कौल, म्हणजे करार, ते दर पिढीला करतात, आणि दर पिढीला कुणीतरी तो मोडतं. कधी मिरीच्या गोण्यांवर ‘वजनपट्टी’ म्हणून नवी वसुली निघते, कधी पडाव अडवून ‘धक्क्याची दुरुस्ती’ मागितली जाते. जकात हा शब्द कुठेच वापरत नाहीत, म्हणून कौल मोडला असं म्हणता येत नाही.

खोल पाणी आणि घाटाची वाट यांच्यानंतर तिसरी अट गोड्या पाण्याची. ती विसरून लोक समुद्रात किल्ले बांधतात. कागदावर ते भव्य दिसतात. सिंधुदुर्ग टिकला त्यामागे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. उलट इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ बेट इतकं श्रीमंत होतं की त्याचं नाव जगभर झालं, पण प्यायचं पाणी होड्यांनी आणावं लागे. १६२२ मध्ये इराणी आणि इंग्रज फौजांनी ते घेतलं आणि व्यापार समोरच्या किनाऱ्यावर गेला. बेटाचं वैभव परत आलं नाही.

पावसाळ्यात नगराचं काय होतं?

आमच्या मते नगराचं राजकारण घडतं ते पावसाळ्यातच, आणि नवे लिहिणारे नेमका तोच काळ वगळतात.

ज्येष्ठात समुद्र बंद होतो. जहाजं पुळणीवर ओढून झापांनी झाकतात. त्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी झालेली असते: भात, सुकी मासळी, मीठ, चिंच, सरपण. ज्याची होत नाही त्याला उचल घ्यावी लागते. खलाशी आषाढात वखारवाल्या शेटकडून भाताची उचल घेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर जहाजावर राबून ती फेडतो. फिटते तोवर पुढचा ज्येष्ठ आलेला असतो.

दांडेपट्टणची पंचायत आषाढातच निवडली जाते, कारण वर्षात तेवढ्याच दिवसांत सगळे गावात असतात. नियम करताना हेतू चांगला होता, बाहेर समुद्रावर असलेल्याचं मत बुडू नये. पण ज्याच्या घरात शेटचा भात शिजतोय तो शेटच्या समोर हात कसा वर करणार? पहिल्या शंभर वर्षांत कधी तांडेल, कधी सुतार पंच होतात. दीडशेव्या सालापर्यंत पंचायत बारा वखारींची झालेली असते. एकही नियम बदललेला नाही. व्हेनिसने हे काम उघडपणे केलं. १२९७ मध्ये तिथल्या महापरिषदेने नव्या घराण्यांना दार जवळपास लावूनच घेतलं. दांडेपट्टणात दार उघडंच राहतं, आत येणारे थांबतात.

चारही नगरांत राज्य करण्याची पद्धत एकच आहे का?

नाही. तारकोटात आरमाराचे सरदार आपल्यातूनच एकाला प्रमुख करतात, मुलाला गादी मिळेलच असं नाही. जंजिऱ्याच्या सुरुवातीच्या काळात सिद्दींमध्ये अशीच रीत होती. उंबरघळात वाटेवरच्या तांड्यांचे नाईक आणि अडत्ये मिळून कारभार बघतात, आणि त्यांचं एकमत क्वचितच होतं. पालशेव्यात परमुलखातून आलेल्या प्रत्येक व्यापारी समाजाचा आपला शाहबंदर, म्हणजे बंदरावरचा अधिकारी, असतो. ही कल्पना आजच्या मलेशियातल्या मलाक्का बंदराची. तिथे पोर्तुगीज १५११ मध्ये येण्याआधी वेगवेगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर होते. तंटा झाला तर आपल्या भाषेत ऐकून घेणारा अधिकारी आहे, एवढ्यासाठी माणसं दूरच्या बंदरात जहाज लावत.

नगरांकडे पैसा कुठून येतो?

मुख्यतः जकातीतून. १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात परमुलखातून येणाऱ्या जहाजामागे एक गद्याण (सोन्याचं जुनं वजन) सोनं घ्यावं अशी तरतूद आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही जहाज मोजून वसुली होत होती. आमच्या जगात घोडे हा सगळ्यात मोलाचा माल आहे, कारण खऱ्या चौल-दाभोळमधूनही आखाती घोडे दख्खनच्या दरबारांना जात. घोडा नाजूक माल. वाटेत मरतो, उतरला की लगेच पाणी आणि हरभरा मागतो, आणि घाट चढायला आठवडाभर आराम मागतो. त्यामुळे घोड्यांचं बंदर झालं की तबेले, गवतवाले, नालबंद, दलाल हे सगळं गावात उभं राहतं. एका मालावर अख्खी पेठ वसते. तो माल दुसऱ्या बंदरात गेला तर तीच पेठ उठते.

जकातीचा दुसरा उपयोग शेजाऱ्याला रोखण्याचा. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली. बाहेरचं मीठ स्वस्त पडलं तर आपल्या मुलखातली मिठागरं बसतील, हा विचार त्यात स्वच्छ आहे. उंबरघळ हाच डाव दांडेपट्टणच्या मिठावर टाकतं, दोनशे दहाच्या सुमारास.

तिसरा मार्ग परवान्यांचा. पोर्तुगीज समुद्रात फिरणाऱ्या जहाजांना कार्ताझ घ्यायला लावत. पुढे आंग्र्यांनीही आपले दस्तक चालवले. ज्याच्याकडे आरमार त्याचा परवाना. तारकोटाचं उत्पन्न जवळजवळ सगळं यातूनच येतं.

आणि धान्य?

कोकणात भात पिकतं, पण मोठ्या पेठेला पुरेल एवढं नाही. म्हणून प्रत्येक नगर घाटावरच्या किंवा समुद्रापलीकडच्या धान्यावर जगतं. युद्धाच्या कथेत आधी भाताची वाट कुणी अडवली ते लिहा.

नगरं पडतात ती लढायांनीच ना?

क्वचित. दाभोळ १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने जाळलं, माणसं कापली. तरी दाभोळ पुन्हा उभं राहिलं आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं आदिलशाहीचं मोठं बंदर होतं; तिथली घुमटाची देखणी मशीद सतराव्या शतकातली आहे. १५७०-७१ मध्ये निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला कित्येक महिने वेढा दिला. चौल पडलं नाही. तेच चौल पुढे व्यापार सुरत-मुंबईकडे वळल्यावर बसत गेलं आणि १७४० मध्ये पोर्तुगीजांनी ते मराठ्यांना देऊन टाकलं. आज रेवदंड्याच्या, म्हणजे त्या पोर्तुगीज चौलच्या, तटाच्या आत माडाच्या वाड्या आहेत.

घर जळालं तर व्यापारी परत येऊन बांधतो, कारण जागा अजून फायद्याची असते. जागेचाच फायदा गेला तर शाबूत घरही सोडून जातो. या मुलखात काही लिहायचं तर आमची एवढी एकच आग्रहाची विनंती आहे: आधी जागेचा फायदा कशाने गेला ते ठरवा.

मग दांडेपट्टण कशाने पडतं?

स्वतःच्या बांधांनी.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की गाळ म्हणजे देवाची करणी. खाडीचं मुख उघडं राहतं ते भरती-ओहोटीच्या जोरावर. भरतीला पाणी आत शिरतं, खारफुटीत आणि खाजणात, म्हणजे भरतीखाली जाणाऱ्या सखल जमिनीत, पसरतं, आणि ओहोटीला तेवढं सगळं पाणी मुखातून जोराने बाहेर पडतं. जाताना ते मुखाशी साचलेली वाळू खरवडून नेतं. जितकं पाणी आत मावेल तितका ओहोटीचा जोर. आता खाजणाला बांध घाला, खारं पाणी अडवा, दोन-चार पावसांत मीठ धुऊन जाऊ द्या, आणि तिथे भात लावा. शेतकऱ्याला खार जमीन मिळाली, नगराला धान्य मिळालं. पण खाडीच्या पोटात मावणारं पाणी तेवढं कमी झालं. ओहोटीचा जोर घटला. वाळूचा दांडा मुखाशी वाढू लागला. भरीला घाटउतारावरची झाडं जहाजांसाठी आणि सरपणासाठी तुटतात, आणि पावसात माती उतरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी रयतेचे आंबे-फणस जबरीने तोडू नयेत असं बजावलेलं आहे. तिथे काळजी रयतेची आहे, पण झाड एकदा गेलं की लवकर परत येत नाही हे त्या काळच्या राज्यकर्त्याला पुरतं ठाऊक होतं.

दांडेपट्टणात चावडीसमोर एक दगड आहे, वावाचा दगड. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं माप. दर नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चार म्हातारे तांडेल होडी घेऊन मुखाशी जातात. ओहोटी पुरती लागली की दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडतात. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असते, तिला चिकटून तळाची वाळू किंवा चिखल वर येतो. तो बोटांत चोळून बघतात, दोरी हातांनी वावावर मोजतात, आणि आकडा पाथरवट दगडावर कोरतो. विसाव्या साली चार वाव. शंभराव्या साली पावणेचार. दोनशे बाराव्या साली पंचायत पहिला मोठा खारबांध मंजूर करते, कारण उंबरघळने भाताची वाट अडवली आहे आणि गाव उपाशी आहे. त्या मंजुरीत काहीच वेडेपणा नाही. दोनशे साठला तीन वाव. तीनशेला सव्वादोन.

तीनशे चार साली दगडावर पुन्हा तीनचा आकडा येतो. लोक नारळ फोडतात. त्या वर्षीपासून मोजणी भरतीला करायला सुरुवात झालेली असते. चारांपैकी एक तांडेल होडीत बसायला नकार देतो, त्याच्या जागी पंचायत दुसरा नेमते. कुणाला दांडेपट्टणवर एकच कथा लिहायची असेल तर त्या चौथ्या तांडेलावर लिहा.

गाळ काढता आला नसता का? बांध फोडता आले नसते का?

आले असते. व्हेनिसने आपलं खाजण वाचवण्यासाठी ब्रेंटा आणि पियावेसारख्या नद्यांची मुखंच दुसरीकडे वळवली. शतकानुशतकं ते काम चाललं, आणि पाण्याचा कारभार बघायला १५०१ मध्ये स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. खाजण बुजवून शेती करण्यावर कडक बंधनं होती. आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला असं जमलं नाही. समुद्राकडे नेणारी झ्विन खाडी भरत गेली आणि १५०० च्या आसपास व्यापारी अँटवर्पला गेले. फरक हिंमतीचा नव्हता. व्हेनिसमध्ये निर्णय घेणाऱ्यांची कमाई जहाजांवर होती. दांडेपट्टणात तोवर बाराही वखारींच्या जमिनी बांधाच्या आत होत्या. बांध फोडायचा म्हणजे स्वतःचं भात बुडवायचं. आणि ज्यांचं पोट फक्त समुद्रावर होतं ते उचलीच्या ओझ्याखाली होते.

उंबरघळचं काय झालं? त्यांनी तर बांध घातले नव्हते.

जहाजं मोठी झाली. लहान पडाव चढत तोवर वरच्या गावाला किंमत. राजापूरचं पाहा. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली इतकं ते महत्त्वाचं होतं, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजांना खाली जैतापूरकडेच थांबावं लागलं. आज राजापूरची बाजारपेठ पावसाळ्यात पुरामुळे बातमीत येते. उंबरघळातही तेच: जहाज येत नाही, पूर येतो.

तारकोट कुणालाच घेता आला नाही, मग तो का संपतो?

कारण शेजाऱ्याने परक्याला हाताशी धरलं. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला तो इंग्रज आरमार आणि पेशव्यांची फौज मिळून आली म्हणून. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. पेशव्यांना एक बेबंद सरदार आवरायचा होता, इंग्रजांना कोकण किनाऱ्यावरचं एकमेव धाकाचं आरमार संपवायचं होतं. दोघांचंही काम झालं, पण त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवण्याजोगं मराठी आरमार उभं राहिलं नाही. ही घटना वाचताना आजही जीव तुटतो. तारकोटाच्या शेवटात आम्ही कोणाला खलनायक केलेलं नाही. दांडेपट्टणच्या पंचायतीकडे तक्रारी खऱ्या होत्या आणि परवान्याचा जाच असह्य होता.

पालशेवे पुढे का जातं? तिथलं बंदर तर उथळ आहे.

ते नव्या माणसांना जागा देतं. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने मिळालं तेव्हा चौल आणि सुरतेपुढे त्याची काही मातब्बरी नव्हती. गव्हर्नर ऑंजियरने व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावलं, धर्मात हात घालणार नाही असं वचन दिलं, वाद मिटवायला न्यायालय बसवलं. माणसं आली. मुंबईचं बंदर नैसर्गिकरीत्या उत्तम होतं, पालशेव्याचं नाही. म्हणून तिथे माणसांवर जास्त भार टाकावा लागतो. पालशेवे शंभर वर्षं टिकतं. त्याचा शेवट आम्ही मुद्दाम लिहिलेला नाही.

सामान्य माणसांचं या नगरांत काय स्थान आहे?

नगराचं स्वातंत्र्य सगळ्यांचं नसतं. हमाल, मिठागरातले आगरी, तबेल्यातले नोकर यांना पंचायतीत आवाज नाही, आणि जात प्रत्येक धक्क्यावर आहे. ती गाळून सुंदर नगरराज्य रंगवलेलं आम्ही स्वीकारत नाही. कुठे बघायचं असं विचाराल तर पाणवठ्यावर बघा. महाडचं खाडीवरचं जुनं बंदर मागे पडलं, पण १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले ते त्याच गावात. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तरी पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. दांडेपट्टणात सात विहिरी आहेत. कोणत्या विहिरीवर कोण भरतं ते ठरवलंत की नगराची निम्मी घटना लिहून झाली.

बाजार बायकांच्या हाती आहे. मासळीचा भाव त्या ठरवतात, उधारी त्यांच्या डोक्यात असते. नवरा समुद्रावर बुडाला तर उचल बायकोच्या नावे चढते. यावर फार कमी लिहिलं गेलंय.

ऱ्हास कथेत कसा दाखवायचा? पडक्या भिंती?

भिंती सगळ्यात शेवटी पडतात. आधी वखारवाले धाकट्या मुलाला दुसऱ्या बंदरात ठेवतात, ‘धंदा शिकायला’. मग सोयरिकी तिकडे होतात. मोठ्या जहाजांचा माल मुखाबाहेर मचव्यांत उतरवायला लागतो आणि मचवेवाले काही वर्षं खूप कमावतात, त्यामुळे गावात भरभराट आल्यासारखी वाटते. देवळाचा जीर्णोद्धार याच काळात होतो. जकात कमी जमते म्हणून दर वाढवतात, दर वाढला म्हणून आणखी दोन जहाजं पुढच्या बंदरात जातात.

नगर पडल्यावर माणसं कुठे जातात?

जिथे जहाजं गेली तिथे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी चालू झाली आणि दख्खनचा माल सरळ मुंबईला उतरू लागला. कोकणातल्या बंदरांची घाटवाटांशी असलेली जोडी तुटली. मग बंदरांतून बोटी सुटत राहिल्या, पण माल कमी आणि चाकरमानी जास्त. आमच्या मुलखात आगगाडी नाही. तरी दांडेपट्टणची माणसं पालशेव्यात जाऊन वेगळी आळी करतात, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, आणि बंद घराची कौलं दर वैशाखात परतून घेतात.

संवाद प्रमाण भाषेत लिहायचे की मालवणीत?

तुमच्या कानाला येतील तसे. संगमेश्वरी, मालवणी, आगरी, दालदी सगळं चालेल. निवेदन मात्र बाहेरच्या वाचकाला कळेल असं ठेवा.

मला माझं नगर या मुलखात घालायचं आहे. काय पाठवू?

नकाशावर आरणीच्या उत्तरेला तीन खाड्या रिकाम्या आहेत. त्यांपैकी एक निवडा. उत्तरेकडे भरतीचा चढउतार मोठा ठेवलेला आहे, कारण खऱ्या किनाऱ्यावरही मालवणपेक्षा मुंबईला तो बराच जास्त असतो, मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर. त्याचा जहाजांच्या येण्याजाण्यावर काय परिणाम होईल ते आधी बघा. नंतर एक पानभर लिहून पाठवा: गोडं पाणी कुठून येतं, माल कोणत्या घाटाने चढतो, भात कोण पुरवतं, पावसाळ्यात कोण कोणाचं देणं लागतं. राजाचं नाव, ध्वज, वंशावळ नंतर पाठवली तरी चालेल. शेजारच्या नगराशी वाद असेल तर त्या नगरावर लिहिणाऱ्याशी आधी बोलून घ्या. दोन्ही बाजूंच्या तक्रारी खऱ्या वाटल्या पाहिजेत. बांध घालणार असाल तर कोणत्या साली आणि कोणाच्या जमिनीसाठी, तेही त्याच पानावर लिहा.